वाऱ्याच्या दिवशी कॉलेज फुटबॉलचा सामना कसा वाचावा: नवख्या प्रेक्षकांसाठी

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार आला की मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट, या दोन विद्यापीठांच्या संघांचा सामना. विषम वर्षी अ‍ॅन आर्बरला, सम वर्षी कोलंबसला. दोन्हीकडे प्रेक्षक लाखाच्या वर आणि खेळ बहुधा भर दुपारी बारा वाजता सुरू. शिकायला किंवा नोकरीनिमित्त त्या भागात नव्याने आलेल्या मराठी मंडळींना या सामन्याचा आग्रह होतोच. आदल्या रात्री सगळे पाऊस-बर्फाचं भाकीत बघतात, वाऱ्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर नुसत्या पावसात हा खेळ बराचसा नेहमीसारखा चालतो. वारा मात्र कुठल्या टोकाकडे खेळायचं, चौथ्या प्रयत्नाला काय करायचं, घड्याळ कसं वापरायचं, हे सगळं बदलून टाकतो. वारा वाचता आला तर नियम अर्धेमुर्धे कळत असतानाही सामना समजू लागतो.

इथे नमुना म्हणून हाच सामना घेतला आहे. लबक, लिंकन किंवा लॅरमीच्या स्टेडियमलाही पद्धत हीच लागू पडते.

आधी लागतील तेवढे नियम

हे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचं. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे एंड झोन. एक यार्ड म्हणजे मीटरला थोडं कमी. ‘३०ची रेषा’ म्हणजे जवळच्या गोलरेषेपासून ३० यार्डांवरची रेषा. १५ मिनिटांचे चार क्वार्टर. चेंडू असलेल्या संघाला १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चेंडू घेऊन पळणं ही धाव, हाताने पुढे फेकणं हा पास. एंड झोनमध्ये पोचलं की टचडाउन, ६ गुण. तिथवर पोचता आलं नाही तर लाथेने चेंडू गोलपोस्टमधून काढायचा, तो फील्ड गोल, ३ गुण. तेही अंतराबाहेर असेल तर चौथ्या डाउनला चेंडू उंच लाथाडून प्रतिस्पर्ध्याला शक्य तितकं मागे ढकलायचं, तो पंट.

चेंडूचं वजन ४०० ते ४२५ ग्रॅमच्या दरम्यान, लांबी २८ सेंटिमीटरच्या आसपास. नाक पुढे करून गरगरत गेला तर तो हवा कापत जातो. आडवा झाला किंवा डगमगला की तोच चेंडू वाऱ्याला मोठा अंगभाग देतो. वाऱ्याच्या दिवशी जे बिघडतं त्यातलं निम्मं या डगमगण्यातून येतं.

पायरी १: मैदान कुठल्या दिशेला आहे ते पाहा

फोनवर नकाशा उघडून उपग्रह-दृश्य लावा आणि स्टेडियम शोधा. मैदानाची लांब बाजू कुठून कुठे जाते ते बघा. अ‍ॅन आर्बरचं मिशिगन स्टेडियम आणि कोलंबसचं ओहायो स्टेडियम दोन्ही साधारण उत्तर-दक्षिण आहेत. एका कागदावर आयत काढा, वर ‘उ’, खाली ‘द’ लिहा. पुढचा सगळा हिशोब याच कागदावर करायचा आहे.

पायरी २: वाऱ्याचं भाकीत नीट वाचा

नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर गावाचं नाव घातलं की तासागणिक आलेख मिळतो. त्यातले तीन आकडे टिपा: सलग वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग, झोतांचा वेग आणि दिशा. खेळ साडेतीन तास चालतो, म्हणून बारा, एक, दोन आणि तीन वाजताचे आकडे वेगवेगळे लिहा.

दिशेत नवख्यांचा गोंधळ होतो. ‘वायव्येचा वारा’ म्हणजे वायव्येकडून येणारा, आग्नेयेकडे जाणारा. फोनवरच्या काही अ‍ॅपमध्ये बाण वारा जिथे जातो तिकडे टोक करतो, काहींमध्ये उलटं. बाणावर विसंबू नका, शब्द किंवा अंश वाचा.

सामन्याच्या दिवशी सकाळी जवळच्या विमानतळाचा ताजा हवामान-संदेश बघा. कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठाचाच विमानतळ आहे. त्याचं सांकेतिक नाव केओएसयू. अ‍ॅन आर्बरचं केएआरबी. संदेशात ‘३००१८जी२९केटी’ असं काही दिसेल. पहिले तीन अंक दिशा, म्हणजे ३०० अंश, पश्चिम-वायव्येकडून. पुढचे दोन सलग वेग, १८ नॉट. ‘जी’नंतरचा आकडा झोतांचा, २९ नॉट. नॉटला १.१५ने गुणलं की मैल मिळतात: ताशी २१ मैल आणि झोत ३३ मैलांचे. संदेशातली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. नोव्हेंबरच्या शेवटी मिशिगन-ओहायोत तिच्यातून पाच तास वजा करायचे.

वेगाचा ढोबळ अर्थ असा लावा. ताशी १० मैलांखाली विसरून जा. १० ते १५मध्ये लांब किकवर परिणाम होतो, बाकी खेळ नेहमीसारखा. १५ ते २०मध्ये पंट आणि लांब पास दोन्हींत फरक डोळ्यांना दिसतो. २०च्या वर प्रशिक्षक डाव बदलतात. ३०च्या वर गेला तर पासवर जगणारा संघ अडचणीत आला असं धरून चाला. सलग वेग आणि झोत यांतली तफावतही बघा. सलग २० मैलांच्या वाऱ्याशी किकर जुळवून घेतो, पण १२वरून एकदम ३०ला जाणारा वारा त्याला फसवतो.

उत्तर अमेरिकेत या दिवसांत एक गोष्ट वारंवार घडते: शीत आघाडी, म्हणजे थंड हवेच्या लोंढ्याची पुढची कड, सरकते. ती येण्याआधी वारा दक्षिण-नैऋत्येकडून असतो, ओलांडून गेली की पश्चिम-वायव्येकडून होतो आणि झोत वाढतात. ती दुपारी दीडला येणार असेल तर पूर्वार्धात ज्या टोकाकडे पाठवारा होता, उत्तरार्धात तिकडे समोरचा वारा असेल. म्हणून चार वेळांचे चार आकडे लिहायचे. आणखी एक: ऊन असताना जमिनीलगतची हवा वरच्या हवेशी घुसळली जाते, त्यामुळे झोत दुपारी सर्वांत जोरात असतात आणि सूर्य कलला की वारा बरेचदा पडतो.

पायरी ३: वाऱ्याचे दोन भाग करा

एकच वारा दोन वेगळी कामं करतो. मैदानाच्या लांबीच्या दिशेचा भाग चेंडूचं अंतर वाढवतो किंवा कमी करतो, आडवा भाग चेंडूला बाजूला सरकवतो. वारा मैदानाच्या लांबीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर २० मैलांपैकी सुमारे १७ लांबीच्या दिशेने आणि १० आडवे. ४५ अंशांना दोन्हीकडे १४-१४. ६० अंशांना १० लांबीचे, १७ आडवे.

वरचा संदेश घ्या: ३०० अंश, २१ मैल. उत्तर-दक्षिण मैदानाशी कोन ६० अंश. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे सुमारे १० मैल, पश्चिमेकडून पूर्वेकडे १८ मैल. कागदावर दोन बाण काढा. दक्षिणेच्या गोलकडे खेळणाऱ्याला पाठवारा थोडाच, आडवा मात्र भरपूर. झोत आला की दोन्ही भाग दीडपट होतात.

समोरचा वारा आणि पाठवारा यांची फिटंफाट होत नाही, हे इथेच लक्षात ठेवा. हवेचा रोध चेंडू आणि हवा यांच्यातल्या वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० मैलांनी निघालेल्या चेंडूला समोरून २० मैलांचा वारा असेल तर हवेच्या मानाने त्याचा वेग ८० होतो आणि रोध सुमारे पावणेदोनपट. पाठवारा असेल तर वेग ४० आणि रोध निम्म्याहून थोडा कमी. समोरचा वारा जितकं हिरावतो तितकं पाठवारा देत नाही.

पायरी ४: स्टेडियमची भिंत लक्षात घ्या

विमानतळावरचं यंत्र मोकळ्या मैदानात सुमारे १० मीटर उंचीवर असतं. स्टेडियमच्या वाडग्यात वारा वेगळा वागतो. संक्रांतीला दोन इमारतींच्या मध्ये पतंग गिरक्या खातो आणि गच्चीच्या वर गेला की एकदम ताणला जातो, तसंच इथे चेंडूचं होतं. प्रेक्षकांच्या रांगांच्या उंचीखाली हवा गोल फिरते, कधी उलटीही. जिथे कडा संपते तिथून वर खरा वारा सुरू होतो.

मिशिगन स्टेडियमचा बहुतेक भाग जमिनीच्या पातळीखाली आहे. २०१०मध्ये पूर्व आणि पश्चिम बाजूंना उंच कक्ष बांधून झाले, त्यामुळे पश्चिमेचा वारा थेट मैदानावर आपटत नाही. तो कक्षांवरून येऊन खाली वळतो. १०-१५ यार्डांचा सपाट पास तिथे शांत हवेतून जातो, उंच पंट मात्र वरच्या प्रवाहात सापडतो. ओहायो स्टेडियम मुळात घोड्याच्या नालासारखं, दक्षिणेला उघडं. पुढे तिथेही प्रेक्षकांसाठी रांगा झाल्या, पण त्या बाजूची उंची बाकीच्यांपेक्षा कमी आहे. दक्षिणेचा वारा तिथून आत शिरतो. तुमच्या गावचं स्टेडियम कुठलंही असो, कुठली बाजू ठेंगणी आहे आणि कोपरे उघडे आहेत का, एवढं बघून ठेवा.

पायरी ५: तासभर आधी जा आणि किकर बघा

सगळ्यांत पक्की माहिती इथे फुकट मिळते. खेळ सुरू व्हायच्या तासभर आधी किकर आणि पंटर मैदानावर येतात. किकर जवळून सुरुवात करतो, पाच-पाच यार्ड मागे सरकत जातो, मग दुसऱ्या टोकाकडे तेच करतो. कुठल्या टोकाला तो किती मागे जाऊन थांबला ते मोजा. या सरावानंतर तो प्रशिक्षकाला दोन रेषा सांगतो: या बाजूला चेंडू इथवर आणून द्या, त्या बाजूला तिथवर.

फील्ड गोलचं अंतर असं काढतात: चेंडू ज्या रेषेवर आहे त्यात १७ मिळवा. १० यार्ड एंड झोनचे, कारण गोलपोस्ट त्याच्या मागच्या कडेला असतात, आणि ७ यार्ड मागे चेंडू धरून ठेवतात म्हणून. काही संघ ८ धरतात. चेंडू ३०च्या रेषेवर असेल तर किक ४७ यार्डांची. पाठवाऱ्याला किकरची रेषा ३५ आणि समोरच्या वाऱ्याला २५ असेल, तर एकाच मैदानावर ५२ आणि ४२ यार्डांचे दोन वेगळे किकर खेळताहेत असं समजा.

वर बघायला विसरू नका. गोलपोस्टच्या दांड्यांच्या टोकाला अरुंद फिती बांधलेल्या असतात. स्टेडियमच्या कडेवरचे झेंडे आणि या फिती एकाच दिशेला फडकताहेत का? झेंडे पूर्वेकडे आणि फिती पश्चिमेकडे असतील तर आत भोवरा आहे. उत्तर आणि दक्षिण टोकांच्या फितीही एकमेकींशी ताडून बघा.

कपड्यांबद्दल थोडक्यात. ० अंश सेल्सियसला ताशी ३२ किलोमीटरचा वारा असला तर अंगाला उणे ७ वाटतं. तासन्‌तास एका जागी बसायचं असतं, म्हणून जाड स्वेटरपेक्षा वारा न शिरणारं वरचं जाकीट, कानटोपी आणि बुडाखाली घ्यायला काहीतरी महत्त्वाचं. छत्री आत नेऊ देत नाहीत, बहुतेक मोठ्या स्टेडियममध्ये पिशवीही पारदर्शक लागते.

पायरी ६: टॉस ऐका

वाऱ्याच्या दिवशी टॉसच्या वेळी खाद्यपदार्थांच्या रांगेत उभं राहू नका. टॉस जिंकणाऱ्याला चार पर्याय असतात: चेंडू घेणे, किक करणे, कुठलं टोक राखायचं ते निवडणे किंवा आपला हक्क उत्तरार्धासाठी राखून ठेवणे. बहुतेक संघ हक्क पुढे ढकलतात. मग दुसरा संघ चेंडू घेतो आणि पहिल्या संघाच्या वाट्याला टोकाची निवड येते. उत्तरार्धात याच्या उलट.

पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर संघ टोकं बदलतात. त्यामुळे प्रत्येक अर्धात दोघांनाही एकेक क्वार्टर पाठवारा मिळतो. प्रश्न उरतो तो कुठला मिळवायचा याचा. आपल्या नमुन्यात दक्षिणेकडे खेळणाऱ्याला पाठवारा आहे. ‘अ’ संघाने टॉस जिंकून हक्क पुढे ढकलला, ‘ब’ने चेंडू घेतला. ‘अ’ बहुधा पहिल्या क्वार्टरला दक्षिणेकडे खेळायचं निवडेल, म्हणजे ‘ब’ला पहिलाच डाव समोरच्या वाऱ्यात खेळावा लागेल आणि तीन प्रयत्न फसले तर वाऱ्याच्या तोंडावर पंट करावा लागेल. उत्तरार्धात ‘अ’ चेंडू घेईल आणि टोक ‘ब’ निवडेल. शेवटच्या क्वार्टरला पाठवारा हवा असेल तर ‘ब’ने तिसऱ्या क्वार्टरला उत्तरेकडे, वाऱ्याच्या तोंडावर खेळायचं कबूल केलं पाहिजे. पण तीननंतर वारा पडणार असं भाकीत असेल तर हा त्याग वाया जातो. तेव्हा तिसऱ्यातच पाठवारा घेऊन टाकलेला बरा. चार वेळांचे आकडे कागदावर असतील तर कॅप्टनने हात दाखवताक्षणी कारण तुमच्या लक्षात येईल.

पायरी ७: लाथेचा खेळ

वारा पहिला घाला घालतो तो इथे.

किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी लाथ, आपल्या ३५च्या रेषेवरून होतो आणि गोलरेषा ६५ यार्डांवर असते. पाठवाऱ्याला चेंडू सरळ एंड झोनमध्ये जातो आणि प्रतिस्पर्धी स्वतःच्या २५च्या रेषेवरून सुरू करतो. समोरच्या वाऱ्यात चेंडू अलीकडे पडतो आणि परतीची धाव होते. आडवा वारा जोराचा असेल तर चेंडू कडेच्या रेषेबाहेर जाण्याचा धोका असतो, तसं झालं तर प्रतिस्पर्ध्याला ३५ची रेषा मिळते. वाऱ्याने चेंडू टीवरून (तो उभा ठेवायच्या छोट्या आधारावरून) पडत असेल तर एक खेळाडू आडवा होऊन चेंडूच्या डोक्यावर बोट ठेवतो. असा खेळाडू दिसला की वारा जमिनीलगतही जोराचा आहे असं समजा.

पंटमध्ये खरी नजर पंटरच्या हातांवर ठेवा. लाथ बसण्याआधी चेंडू हातातून सुटून पायापर्यंत हवेत असतो. तो क्षणभराचा वेळ आडव्या वाऱ्याला पुरतो. नाक दोन बोटं जरी फिरलं तरी चेंडू पायावर तिरका बसतो आणि भलतीकडे जातो. म्हणून जाणता पंटर वाऱ्याच्या दिवशी चेंडू नेहमीपेक्षा खाली धरून, पायाच्या जवळ आणून सोडतो. समोरच्या वाऱ्यात तो चेंडू बुटका मारतो, कारण उंच गेलेला पंट वर थांबून मागे येतो. जास्त जोर लावणं हा नवशिक्या पंटरचा हमखास घात. जोराने लाथ मारताना चेंडू पायावर स्वच्छ बसत नाही, डगमगतो आणि वारा त्याला गिळून टाकतो.

पंट झेलणाऱ्याचं काम त्याहून कठीण. समोरच्या वाऱ्यातला पंट त्याच्यापुढे पडतो, त्याला धावत पुढे यावं लागतं. हाताला लागून निसटला तर किक करणारा संघ तो चेंडू ताब्यात घेऊ शकतो. वाऱ्याच्या दिवशी समंजस संघ झेलणाऱ्याला सांगून ठेवतात: शंका आली तर चेंडूपासून लांब पळ आणि बाकीच्यांनाही ओरडून लांब कर. दहा यार्ड गेले तरी चालतील, चेंडू जाता कामा नये.

फील्ड गोलमध्ये कॉलेजचं मैदान व्यावसायिक मैदानापेक्षा अवघड आहे. मैदानावर दोन तुटक रेषा असतात, हॅश मार्क. प्रत्येक डाव या दोन रेषांच्या दरम्यान कुठेतरी सुरू होतो. कॉलेजमध्ये त्या एकमेकींपासून ४० फुटांवर असतात, व्यावसायिक खेळात साडेअठरा फुटांवर. गोलपोस्टची रुंदीही साडेअठरा फूटच. म्हणजे कॉलेजमध्ये हॅशवरून मारलेली किक दांडीच्याही पावणेअकरा फूट बाहेरून निघते, कोनात जाते.

आता आपला नमुना. उजव्या पायाने मारणाऱ्या किकरचा चेंडू शेवटी आपोआप डावीकडे वळतो. दक्षिणेकडे तोंड केलं तर पश्चिम उजव्या हाताला, म्हणजे वारा उजवीकडून डावीकडे ढकलतो. चेंडूचं वळण आणि वारा दोन्ही एकाच बाजूला. अशा वेळी किकर उजव्या दांडीवर, कधी तिच्या बाहेरही नेम धरतो. पाठवाऱ्यामुळे अंतर मिळतं, पण झोत अचानक थांबला तर चेंडू जिथे नेम धरला तिथेच, दांडीबाहेर जातो. उत्तरेकडे तोंड केलं तर वारा डावीकडून येतो आणि वळणाला अडवून धरतो. नेम सोपा होतो, पण समोरचा वारा अंतर खातो. म्हणून ‘पाठवाऱ्याचं टोक म्हणजे सोपं टोक’ हे आडव्या वाऱ्यात खरं ठरेलच असं नाही.

तिसऱ्या डाउनला एखादा संघ विनाकारण बाजूला धावतोय असं वाटलं तर थांबा. तो बहुधा चेंडू किकरला सोयीच्या हॅशवर नेऊन ठेवतो आहे. टचडाउननंतरची एका गुणाची किक मात्र अवघी २० यार्डांची असते, तिच्यावर वाऱ्याचा परिणाम नगण्य.

पायरी ८: पास, धाव आणि चौथा डाउन

क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, पास किती यार्ड हवेतून जातो ते मोजायची सवय लावा. १० यार्डांच्या आत वारा जवळजवळ काहीच करत नाही. २०च्या पुढे गेलं की आडव्या वाऱ्यात चेंडू पकडणाऱ्याच्या मागे किंवा पुढे पडू लागतो. समोरच्या वाऱ्यात चेंडूचं नाक किंचित वर राहिलं तर तो वर उचलला जातो, लटकतो आणि बचावपटूला धावत यायला वेळ मिळतो. म्हणून तेव्हा पास सपाट आणि जोरात टाकावा लागतो. पाठवाऱ्यात चेंडू पकडणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो. रुंद हॅशमुळे कॉलेजमध्ये एका हॅशवरून पलीकडच्या कडेला टाकलेला पास कागदावर १२ यार्डांचा दिसतो, पण हवेत खूप जास्त अंतर जातो. असे पास २० मैलांच्या वाऱ्यात जवळपास बंद होतात.

बचाव करणाऱ्यांनाही हे कळतं. लांब पासची भीती गेली की मागे उभा असलेला एखादा बचावपटू पुढे येतो आणि धाव अडवणारे सातऐवजी आठ होतात. त्यामुळे धावण्यावर वाऱ्याचा थेट परिणाम नसला तरी ती अवघड होते. प्रत्येक डावाआधी पुढच्या फळीत किती उभे आहेत ते मोजा.

५ नोव्हेंबर २०२२ला एव्हन्स्टनमध्ये, मिशिगन सरोवराच्या काठी, ओहायो स्टेट नॉर्थवेस्टर्नशी वादळी वाऱ्यात आणि पावसात खेळले. त्यांचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड देशातल्या उत्तम पास टाकणाऱ्यांपैकी. त्या दिवशी त्याचे २६पैकी १० पास पोचले, एकूण ७६ यार्ड. त्याने स्वतः धावून काढलेले यार्ड याहून जास्त होते. ओहायो स्टेट २१-७ जिंकले, कारण त्यांच्याकडे धावण्याचीही ताकद होती. मोठ्या सामन्याआधी हाच प्रश्न विचारा: पास बंद झाला तर कुठला संघ उपाशी राहील? वारा दोघांना सारखाच असतो, तोटा सारखा नसतो.

चौथ्या डाउनचा निर्णयही वाऱ्यावर ठरतो. समोरच्या वाऱ्यात प्रतिस्पर्ध्याच्या ३० ते ४० रेषांच्या पट्ट्यात फील्ड गोल पोचत नाही आणि पंटने फारसं मिळत नाही. तिथे संघ चौथ्या डाउनलाही खेळतात. नवख्याला ते धाडस वाटतं, हिशोबाने पाहिलं तर तोच सरळ मार्ग असतो.

पायरी ९: क्वार्टरच्या शेवटाकडे घड्याळ बघा

पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरचा शेवट एरवी कुणाच्या लक्षातही राहत नाही. वाऱ्याच्या दिवशी तिथे सामना फिरू शकतो.

समजा पहिल्या क्वार्टरचे ३८ सेकंद उरलेत. समोरच्या वाऱ्यात खेळणाऱ्या संघाचा तिसरा डाउन मैदानातच अडला, घड्याळ चालू आहे. पुढचा डाव सुरू करायला त्यांच्याकडे ४० सेकंद असतात. त्यांनी काहीच न करता उभं राहायचं. क्वार्टर संपतो, टोकं बदलतात आणि तोच पंट आता पाठवाऱ्यात होतो. पलीकडच्या प्रशिक्षकाने याच क्षणी टाइमआउट (घड्याळ थांबवायची सवलत) घेतला तर त्यांना वाऱ्याच्या तोंडावर पंट करावा लागतो. प्रत्येक अर्धात तीनच टाइमआउट मिळतात, त्यामुळे पहिल्या क्वार्टरला तो खर्च परवडतो. तिसऱ्याच्या शेवटी मात्र दोनदा विचार करावा लागतो, कारण सामन्याच्या अखेरीस त्याची गरज पडू शकते. वारा २५ मैलांच्या वर असेल तर आमच्या मते तिसऱ्यातही घ्यावा.

चेंडू घेऊन पळणं वाढलं की घड्याळ थांबत नाही. कुणीही न झेललेला पास घड्याळ थांबवतो, धाव थांबवत नाही. प्रत्येक संघाच्या वाट्याला येणारे डाव कमी होतात आणि गुणही. म्हणून अशा दिवशी पहिली सात गुणांची आघाडी एरवीपेक्षा जड असते.

याच दोन संघांचा २५ नोव्हेंबर १९५०चा कोलंबसमधला सामना याचं टोकाचं उदाहरण. हिमवादळ आणि वाऱ्यात दोघांनी मिळून ४५ पंट केले, अनेकदा पहिल्याच डाउनला, कारण आपल्या गोलजवळ चेंडू हातात ठेवण्यापेक्षा तो लांब गेलेला बरा होता. मिशिगनला एकदाही १० यार्ड पुरे करता आले नाहीत, एकही पास पोचला नाही, तरी ते ९-३ जिंकले. सगळे गुण अडवलेल्या पंटमधून आले. त्यातला निर्णायक टचडाउन पूर्वार्धाचे ४७ सेकंद उरलेले असताना ओहायो स्टेटने तिसऱ्या डाउनला केलेल्या पंटवर मिळाला. घड्याळ संपवून विश्रांतीला जाता आलं असतं, ही हळहळ कोलंबसमध्ये पुढे कित्येक वर्षं टिकली.

पायरी १०: बरोबरी झाली तर

कॉलेजमध्ये बरोबरी सुटेपर्यंत जादा डाव होतात. दोन्ही संघांना आळीपाळीने प्रतिस्पर्ध्याच्या २५च्या रेषेवरून चेंडू मिळतो आणि एका फेरीत दोघंही एकाच टोकाकडे खेळतात. त्यामुळे वारा दोघांना सारखाच लागतो. टॉस जिंकणारा संघ बहुतेकदा आधी बचाव घेतो, म्हणजे आपल्याला किती गुण हवेत ते कळतं. मग टोक निवडायचं हरणाऱ्याच्या हातात येतं. त्याने टोक निवडताना स्वतःचा किकर कुठल्या बाजूला सरळ मारतो आणि पलीकडचा कुठे चुकतो हे पाहायचं. २५वरून तीन डाउन फुकट गेले तर किक ४२ यार्डांची. सरावात टिपलेली रेषा आठवा. दुसऱ्या फेरीपासून टचडाउननंतर दोन गुणांचा प्रयत्न (लाथेऐवजी धावून किंवा पासने चेंडू पुन्हा एंड झोनमध्ये नेणं) सक्तीचा होतो आणि तिसऱ्या फेरीपासून तीन यार्डांवरून नुसते दोन गुणांचेच प्रयत्न होतात. तिथे वाऱ्याला फारसं काम उरत नाही.

व्यावसायिक खेळात पूर्वी असं नव्हतं. तिथे जादा वेळेत जो पहिला गुण मिळवेल तो जिंकायचा. २४ नोव्हेंबर २००२ला इलिनॉय विद्यापीठाच्या शॅम्पेनमधल्या स्टेडियमवर डेट्रॉइट लायन्स आणि शिकागो बेअर्स यांची बरोबरी झाली. लायन्सने टॉस जिंकला आणि त्यांचे प्रशिक्षक मार्टी मॉर्निनवेग यांनी चेंडू न घेता पाठवारा घेतला. बेअर्स समोरच्या वाऱ्यातही पुढे सरकत गेले, फील्ड गोल मारला आणि २०-१७ जिंकले. लायन्सला चेंडू मिळालाच नाही.